मोकळी मुलाखत: संशोधन की नुसत्या गप्पा?

बांधावरची

समाजशास्त्राच्या पुस्तकांत 'असंरचित मुलाखत' या प्रकाराला दोन पानं मिळतात. आधी फायदे: लवचीक, सखोल, विश्वास निर्माण होतो. मग तोटे: वेळखाऊ, खर्चिक, तुलना करता येत नाही. परीक्षेपुरतं ठीक आहे. पण ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांवर मुलाखती घेताना मला सारखं वाटत आलंय की या दोन याद्या वेगळ्या काढताच येत नाहीत. एखादी बाई माझ्याशी मोकळी बोलते, कारण आदल्या दिवशी मी तिच्या कोपीत चहा प्यायलेला असतो आणि तिच्या लेकीच्या शाळेबद्दल बोललेली असते. आणि नेमकं त्यामुळेच ते बोलणं उद्या दुसऱ्या संशोधकाला तसंच्या तसं मिळणार नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: हातात प्रश्नावली नसते, प्रश्नांचा क्रम नसतो. विषय तेवढा डोक्यात असतो आणि समोरचा नेईल तिकडे आपण जायचं असतं.

या पद्धतीचा सगळ्यात गाजलेला मोठा प्रयोग एका कारखान्यात झाला. शिकागोजवळ सिसेरोला वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता, टेलिफोनची उपकरणं बनवणारा. १९२८ मध्ये कंपनीने कामगारांच्या मुलाखती सुरू केल्या आणि १९३० पर्यंत २१ हजारांहून जास्त लोकांशी बोलून झालं. सुरुवातीला प्रश्न ठरलेले: साहेब कसा आहे, काम कसं आहे, जागा कशी आहे. लोक एका वाक्यात उत्तर द्यायचे आणि मग भलतंच काही सांगत बसायचे. मुलाखत घेणारा त्यांना ओढून परत विषयावर आणायचा. वर्षभराने मंडळींच्या लक्षात आलं की माणसं जिथे फाटे फोडतात तिथेच त्यांना काहीतरी सांगायचं असतं. मग ठरलेले प्रश्न बाजूला ठेवले. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली.

तिथलाच, त्या संशोधनात असलेले प्राध्यापक एल्टन मेयो यांनी नोंदवलेला एक किस्सा. एका कामगार बाईचं तिच्या साहेबाशी अजिबात पटत नव्हतं. साहेबही म्हणायचा, ही बाई सांभाळायला अवघड. मुलाखतीत बोलता बोलता तिच्याच लक्षात आलं की तो आपल्याला सावत्र बापासारखा वाटतो, आणि त्या बापाचा तिला तिटकारा होता. प्रश्नावलीत हे कधीच आलं नसतं. पण आता ही तक्रार कुठल्या रकान्यात टाकायची? साहेब वाईट आहे की नाही?

आता बीड. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे जवळजवळ सहात एक. हा आकडा मोकळ्या मुलाखतींतून कधीच मिळाला नसता. तिथे मोजणीच हवी. पण 'पिशवी का काढली?' या प्रश्नाला फॉर्मवर एकच उत्तर येतं: डॉक्टरांनी सांगितलं. तेच उत्तर घेऊन संध्याकाळी चुलीपाशी बसलं की हळूहळू बाकीचं बाहेर येतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, दोघांतला एक जरी बसला तरी खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड. फडात पाणी नाही, संडास नाही, अंगावरून जातंय, कंबर धरलीय. कुणीतरी कॅन्सरची भीती घातलेली. जावेने काढलीय आणि ती कामावर परतलीय. मुलं झालीत, आता ठेवून काय करायचं. यातलं कुठलं कारण 'खरं'? बाई स्वतः एकदा एक सांगते, दोन दिवसांनी दुसरं. मी दोन्ही लिहून घेते.

किती जणींच्या बाबतीत खाड्याची भीती मुख्य होती, हे मला सांगता येत नाही. प्रत्येकीला मी तेच विचारलेलं नाही. मुकादम आसपास असेल त्या दिवशी बोलणं पाऊसपाण्यापलीकडे जात नाही. आणि तासाभराचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला पाच-सहा तास सहज जातात.

तुम्ही कुणी अशा मुलाखती घेतल्या असतील, दिल्या असतील किंवा वाचून वैतागला असाल, तर लिहा.

चकली

वाचतेय. 'दिल्या असतील' हे आवडलं. त्या बाजूचं कुणी लिहीतच नाही.

सांख्यिकीबुवा

धागा छान, पण मी विरोधी बाकावर बसतो.

१९१४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये सुमारे दोन हजार निराधार पुरुषांच्या मुलाखती बारा जणांनी घेतल्या. पुढे १९२९ मध्ये समाजशास्त्रज्ञ स्टुअर्ट राइस यांनी त्या नोंदी तपासून एक लेख लिहिला. मुलाखत घेणाऱ्यांत एक दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता होता आणि एक समाजवादी. दारूबंदीवाल्याच्या नोंदींनुसार ६२ टक्के लोक दारूपायी रस्त्यावर आले होते. समाजवाद्याच्या नोंदींनुसार २२ टक्के. कारखानदारीतली परिस्थिती हे कारण पहिल्याकडे ७ टक्के, दुसऱ्याकडे ३९. कोण कुणाच्या वाट्याला येईल हे निवडून केलेलं नव्हतं.

कुणी म्हणेल, मत लिहिणाऱ्याचं आहे, माणसांचं नाही. पण त्या लोकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेली कारणंसुद्धा त्याच बाजूला कललेली निघाली. म्हणजे विचारणाऱ्याचं मत उत्तर देणाऱ्याला लागलं. राइस यांनी त्याला संसर्गच म्हटलंय.

बांधावरचीताई, तुम्ही ऊसतोड स्त्रियांच्या बाजूच्या आहात हे त्या बायकांना कळत नसेल का? मग त्या तुम्हाला काय सांगतील?

बांधावरची

>>> मग त्या तुम्हाला काय सांगतील? <<<

कळतं. पहिल्या पाच मिनिटांत कळतं. म्हणून तर मी प्रत्येक मुलाखतीच्या वर लिहिते: कुठे बसलो होतो, कोण कोण होतं, त्याआधी आमची ओळख काय होती, मला कुणी आणलं होतं. हे नसेल तर आतला मजकूर मी वापरत नाही.

आणि बुवा, राइस यांना हा कल सापडला कसा? कुणी घेतलेली मुलाखत आहे ते नोंदीवर होतं म्हणून. प्रश्नावलीतही विचारणारा असतोच. तिथे तो फक्त वाचणाऱ्याला दिसत नाही.

गणककाका

सरकारी पाहण्यांमध्ये आयुष्य काढलं, आता पेन्शनवर आहे. शेवटच्या वाक्याला दोन्ही हात वर.

दारात पुरुष उभा असतो. आपण विचारतो, मंडळी काय करतात? 'काही नाही, घरीच असते.' त्याच्या मागून ती मंडळी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन गोठ्याकडे चाललेली असते. राष्ट्रीय नमुना पाहणीत रोजगाराच्या तक्त्यात याला दोन संकेतांक आहेत. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम आणि शिवाय घरच्यासाठी सरपण गोळा करणं, शिवण, विणकाम वगैरे. ९२ आणि ९३ मधला फरक दारातल्या माणसाच्या एका वाक्यावर ठरत नाही. खोदून विचारावं लागतं. सूचनापुस्तिकेत खोदायला सांगितलेलं असतंच. पण संध्याकाळची शेवटची एसटी, घरं अजून बाकी, आणि खोदायला गेलं की पुरुष म्हणतो, सांगितलं ना साहेब.

काही बहाद्दर तर झाडाखाली बसून अख्खं गाव भरतात. कुठे ते विचारू नका. नंतर तो तक्ता छापून येतो आणि टक्केवारी दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत असते.

तरी बुवांचंही बरोबर आहे. ९२ की ९३ हे ठरवायला प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने गप्पा मारल्या असत्या, तर महाराष्ट्र आणि बिहारची तुलना कोण करणार होतं?

नेटसेट_इच्छुक

मॅडम, खूप उपयुक्त. 'असंरचित मुलाखतीचे गुणदोष' यावर १० गुणांसाठी मुद्देसूद मिळेल का? संरचित आणि अर्धसंरचित यातला फरकही हवा होता.

चकली

आले नोट्सवाले! (दिवे घ्या.)

बांधावरची

असू दे गं, त्यालाही पास व्हायचंय.

संरचित मुलाखतीत शब्द, क्रम आणि बहुतेक वेळा उत्तरांचे पर्यायही ठरलेले, सगळ्यांना सारखे. अर्धसंरचित मुलाखतीत विषयांची यादी ठरलेली, शब्द आणि क्रम तुझा. असंरचित मुलाखतीत विषयसुद्धा वाटेत बदलू शकतो. परीक्षेत 'वैधता जास्त, विश्वसनीयता कमी' हे वाक्य लिही, गुण मिळतील. म्हणजे आपण जे शोधतोय त्याच्या जवळ जायची शक्यता जास्त, पण दुसऱ्याने पुन्हा केलं तर तेच हाती लागेल याची खात्री कमी. खाली 'निष्कर्षांचे सामान्यीकरण करता येत नाही' हेही टाक.

पण मुलाखतीला जाशील तेव्हा 'का' कमी विचार. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांचा हा सल्ला आहे आणि मला तो रोज उपयोगी पडतो. 'का केलंत?' म्हटलं की माणूस जाब दिल्यासारखा एक शहाणं कारण देऊन मोकळा होतो. 'कसं काय झालं ते?' म्हटलं की गोष्ट सांगतो, आणि तीत माणसं, पैसे, तारखा सगळं येतं.

दगडफूल

थोडं अवांतर. नोकरीच्या मुलाखतींत नेमकं उलटं सांगतात. उमेदवाराशी सैल गप्पा मारून निवड केली तर पुढच्या कामाचा अंदाज ठरलेल्या प्रश्नांच्या मुलाखतीपेक्षा वाईट येतो, यावर बरंच संशोधन आहे. आणि घेणाऱ्याला मात्र वाटतं, आपण माणूस बरोबर ओळखला.

सांख्यिकीबुवा

अवांतर कसलं? मुद्द्याचंच आहे. 'आपण माणूस बरोबर ओळखला' हीच भावना संशोधकालाही होते. मोकळ्या गप्पांनंतर जी खात्री वाटते ती पुराव्यापेक्षा मोठी असते.

दगडफूल

एक फरक आहे पण. नोकरीत चांगला-वाईट असा एकच निकाल द्यायचा असतो, उमेदवार स्वतःला विकत असतो आणि वेळ पाऊण तास. संशोधकाला निकाल द्यायचा नसतो. निदान नसावा.

पैलतीर

इकडे लीड्समध्ये एका संग्रहालयासाठी मौखिक इतिहासाचं काम करते. बुवांच्या राइसला जोड म्हणून एक उदाहरण देते. मला यासारखं दुसरं माहीत नाही.

१९३६ ते १९३८ या काळात अमेरिकन सरकारच्या फेडरल रायटर्स प्रोजेक्टने गुलामगिरीतून सुटलेल्या, तोवर म्हाताऱ्या झालेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. २,३०० हून जास्त आत्मकथनं गोळा झाली. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये सुझन हॅमलिन नावाच्या शंभरी ओलांडलेल्या बाईंची मुलाखत चुकून दोनदा झाली. एकदा जेसी बटलर या गोऱ्या बाईने घेतली, एकदा ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णीय माणसाने. कागदावर आडनावही एका ठिकाणी हॅमलिन, एका ठिकाणी हॅमिल्टन.

बटलरबाईंना त्यांनी सांगितलं की मालक चांगला होता, फार मारझोड नव्हती. बटलर सरकारच्या मदत कचेरीतून आल्या आहेत असा त्यांचा समज झाला होता. मंदीचे दिवस, पेन्शनची आशा. लॅडसनला त्याच बाईंनी फटक्यांच्या शिक्षा आणि ताटातूट झालेली कुटुंबं यांबद्दल अंगावर काटा येईल असं सांगितलं. घर तेच, मालक तोच.

दोन्ही मुलाखती मोकळ्याच होत्या. त्यामुळे 'मोकळी मुलाखत घेतली की विश्वास निर्माण होतो' हे पुस्तकातलं वाक्य मी विद्यार्थ्यांना खोडायला लावते. विश्वास आधीच्या इतिहासावर ठरतो. १९३७ मध्ये चार्ल्सटनमध्ये गोऱ्या बाईने कितीही प्रेमाने विचारलं असतं तरी काय झालं असतं?

सांख्यिकीबुवा

म्हणजे माझाच मुद्दा. मग खरी मुलाखत कुठली?

पैलतीर

लॅडसनची जास्त खरी, असं मलाही वाटतं. पण ती लॅडसनसमोर दिलेली आहे हे सोडून देता येत नाही. त्यालाही काही ऐकायचं असेल. इतिहासकार आता दोन्ही शेजारी ठेवून वाचतात, आणि बटलरच्या मुलाखतीतून १९३७ मध्ये एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय बाईला काय काय लपवून जगावं लागत होतं ते कळतं. दोघांपैकी एकालाच छापील प्रश्नावली देऊन पाठवलं असतं तर आपल्याकडे 'मालकाची वागणूक: चांगली' एवढी एक टिकमार्क असती.

गणककाका

आणि ती विश्वसनीयही ठरली असती. तीच बाई, तीच प्रश्नावली, पुन्हा तेच उत्तर!

कोयता_बीड

एवढे दिवस नुसता वाचक होतो, आज खातं उघडलं. मी ऊसतोड कामगाराचा मुलगा. आई-वडील दोघांनी वीसेक वर्षं पश्चिम महाराष्ट्रात तोड केली. मी साखरशाळेत कमी आणि फडात जास्त वाढलो.

बातम्या आल्या तेव्हापासून आमच्या गावात लई लोक येऊन गेले. पत्रकार, संस्था, विद्यापीठाची पोरं, कॅमेरावाले. माझ्या आईची पिशवी काढलेली आहे. सगळे तिलाच गाठतात, कारण ती बोलते. आता तिचं पाठ झालंय. कुठल्या वाक्याला समोरची पोरगी डोळे पुसणार हेही तिला माहीत आहे. खोटं नाही सांगत, पण रोज तेच सांगते, त्याच क्रमानं. मॅडम, तुमची ही मोकळी मुलाखत आमच्या घरी संरचितच झालेली आहे. फक्त प्रश्नावली आईकडं आहे.

दुसरं. सर्वेवाला येतो, फॉर्म काढतो, आईला कळतं हा काय विचारणार. नको असलं तर ती 'माहीत नाही' म्हणते, तो पुढं जातो. तुम्ही लोक शेजारी बसता, भाकरी खाता, आई समजून बोलता. मग ती अशा गोष्टी सांगून जाते ज्या तिला सांगायच्या नव्हत्या. रात्री तिला झोप येत नाही. मला म्हणते, ते लिहिलं असंल का रे तिनं?

फॉर्मवाला जास्त प्रामाणिक वाटतो मला.

चकली

याला म्हणतात 'दिलेल्या' बाजूचं लिहिणं.

बांधावरची

दादा, खातं उघडून लिहिलंत, बरं केलंत. हे माझ्या मूळ लेखात यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. पुस्तकांतल्या तोट्यांच्या यादीत 'वेळखाऊ' हे नेहमी वर असतं आणि हे नसतं. तिथे वेळ संशोधकाचा मोजतात.

संमतीचा कागद मुलाखतीच्या आधी सही करून घ्यायचा असतो. मोकळ्या मुलाखतीत तो जवळजवळ निरर्थक असतो, कारण काय बोललं जाणार हे सही करताना तिला माहीत नसतं आणि मलाही नसतं. आम्ही काही जणी संमती शेवटी पुन्हा घेतो. त्या दिवशी नाही, दोन-चार दिवसांनी परत जाऊन. उतरवलेलं वाचून दाखवायचं आणि विचारायचं, यातलं काय काढू? बायका काढायला सांगतात. बहुतेकदा दिराबद्दलचं, मुकादमाबद्दलचं. ते गेलं की माझ्या प्रबंधातला जीवच जातो, पण जातो तर जातो.

नाव बदलल्यानेही भागत नाही. 'जुळ्या मुली असलेली, नवरा ट्रॅक्टरवर असलेली' एवढं लिहिलं की तालुक्याला कळतं कोण ते. तक्त्यातल्या १३,८६१ मध्ये माणूस लपतो, गोष्टीत लपत नाही.

फॉर्मवाला जास्त प्रामाणिक, याच्याशी मात्र अर्धीच सहमत. त्याचा फॉर्म कुणी लिहिला, त्यात काय विचारायचं नाही हे कुणी ठरवलं, हे तुमच्या आईला कुणी सांगत नाही.

पैलतीर

कोयता_बीड यांच्या मुद्द्याला लागून. अ‍ॅन ओकली या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी पहिल्यांदा आई होणाऱ्या लंडनमधल्या ५५ स्त्रियांच्या प्रत्येकी चार मुलाखती घेतल्या, दोन बाळंतपणाआधी, दोन नंतर. त्या काळची पाठ्यपुस्तकं सांगायची की उलट प्रश्न आला तर हसून टाळा, मत देऊ नका. ओकलींनी १९८१ च्या लेखात बायकांनी त्यांनाच विचारलेल्या प्रश्नांची मोजदाद दिली आहे: ८७८. बहुतेक माहितीचे. बाळ बाहेर कुठून येतं इथपासून. चारदा घरी येणाऱ्या बाईने यावर हसून टाळायचं? त्यांनी सरळ उत्तरं दिली आणि लिहिलं की असं एकतर्फी विचारत राहणं चूक आहे.

पण ओकलींवरही पुढे टीका झाली. मैत्रीचं नातं झालं की बाई जास्त सांगते आणि शेवटी पुस्तकावर नाव संशोधिकेचंच असतं. म्हणजे तुम्ही म्हणता तेच.

सांख्यिकीबुवा

हॉथॉर्नचा पुढचा भाग बांधावरचीताईंनी गाळलाय, तो मी सांगतो. मुलाखतींनी कामगारांना बरं वाटतं हे कंपनीच्या लक्षात आलं, तेव्हा १९३६ पासून त्यांनी कारखान्यात समुपदेशक ठेवले. त्यांचं काम ऐकणं. तक्रारीवर काही करणं हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. पगार, वेग, युनियन यांबद्दलचा राग बोलून निवळावा, असा तो सगळा प्रकार होता अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. ऐकून घेणं हे दरवेळी सांगणाऱ्याच्या भल्याचंच असतं का, हेही पाहा.

बांधावरची

मान्य. मोजणी करणारेही काही कमी नाहीत पण. समिती झाली, आकडा आला, पुढे फडात संडास झाले का?

जुनीवही

उशिरा येतेय. मला स्मरणाबद्दल लिहायचं आहे.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे १९८९ चं पुस्तक मराठीत या पद्धतीचं सगळ्यात मोठं काम आहे असं माझं मत. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांबद्दल कागदोपत्री फार थोडं होतं. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिला परिषद भरली, हजारो बायका आल्या, पण एकेकीला घरातून कसं निघता आलं, मागे पोरांना कुणी सांभाळलं, हे कुठल्या ठरावात सापडणार? ते त्या म्हाताऱ्या झालेल्या बायकांकडे जाऊन, बसून, ऐकावंच लागलं. इथे प्रश्नावली काढली असती तर पहिल्याच प्रश्नाला 'आम्ही काय केलं, साहेबांनी केलं' म्हणून विषय संपला असता.

स्मरणाची अडचण खरीच आहे. सन कुणाला आठवत नाही. पण मोकळ्या बोलण्यात सन विचारायची गरज नसते. बहात्तरच्या दुष्काळात धाकटा पोटात होता. कोयनेच्या भूकंपाच्या वर्षी सासरे गेले, म्हणजे १९६७. पानशेत फुटलं तेव्हा आम्ही पुण्यात नवीनच, म्हणजे १९६१. किल्लारीच्या आधी की नंतर? गणपती दूध प्याला तेव्हा कुठे होतात? एवढ्या खुंट्या मिळाल्या की आयुष्याचा तक्ता बऱ्यापैकी बसतो, आणि तो कागदांशी ताडून बघता येतो. काय घडलं हे ताडता येतं. काय वाटलं हे मात्र आजच्या वयातून सांगितलेलं असतं, ते तसंच धरायचं.

अजून एक. गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त. सासुरवासाबद्दल विचारलं तर 'बरं आहे' म्हणणारी बाई ओवीत सगळं सांगून जाते. तिथे मुलाखतच नको असते, गप्प बसून ऐकणारं कुणीतरी हवं असतं.

गणककाका

गावात उतरता कुठे, यावरही सगळं असतं. म्हैसूरकडचे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये तिकडच्याच रामपुरा या गावात राहिले, गावच्या मुखियाच्या आश्रयाने. पुढे १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्यांची टिपणं जळाली आणि त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं, ते १९७६ मध्ये आलं. त्यांनीच त्यात सांगितलंय की मुखियाच्या वर्तुळात राहिल्यामुळे दलित वस्तीशी त्यांचा संबंध कमी आला. वाड्यावर उतरलात तर वाड्यावरून दिसतं तेवढंच गाव दिसतं. आम्ही नेहमी सरपंचाकडे किंवा शाळेत उतरायचो.

कोयता_बीड

आणि आमच्याकडं येणारे मुकादमाच्या जीपमधून उतरतात.

मॅडम, परत जाऊन वाचून दाखवता हे आईला सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडं आलेलं कुणीच परत आलं नाही.

नेटसेट_इच्छुक

नोट्स झाल्या, आता खरंच प्रश्न पडलाय. मला प्रबंधासाठी किती मुलाखती घ्याव्या लागतील? मार्गदर्शक म्हणतात किमान शंभर. मित्र म्हणतो बारा पुरेत.

सांख्यिकीबुवा

मित्राचा बारा हा आकडा कुठून आला ते सांगतो. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा लेख. घाना आणि नायजेरियातल्या ६० स्त्रियांच्या मुलाखती तपासल्यावर त्यांना दिसलं की पहिल्या बारा मुलाखतींतच जवळजवळ सगळे मुद्दे येऊन गेले होते, पुढे नवीन फारसं निघालं नाही. पण त्या स्त्रिया बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या, विषय आखीव होता आणि सगळ्यांना साधारण तेच प्रश्न विचारले होते. पूर्ण मोकळ्या मुलाखतीत 'आता नवीन काही येत नाही' हे ठरवायचं कशावरून? प्रत्येकीला वेगळंच विचारलंय! तेव्हा बारा हा आकडा मार्गदर्शकांच्या तोंडावर फेकू नकोस.

बांधावरची

आणि शंभरही मान्य करू नकोस. शंभर मोकळ्या मुलाखती म्हणजे उतरवायलाच वर्ष जाईल, आणि ते काम तू पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेशील. मग थांबणं, अडखळणं, मध्येच नवरा आला म्हणून बदललेला विषय, यातलं काहीच तुझ्या कागदावर येणार नाही.

मी सुचवते ते असं. आधी थोड्या बायकांशी मोकळं बोल, एकीकडे दोन-तीनदा जा. त्यातून लोक स्वतः कुठल्या शब्दांत विचार करतात ते कळेल. त्या शब्दांत छोटी प्रश्नावली कर आणि ती बुवांसारख्या माणसाकडून नमुना काढून घेऊन शंभर-दोनशे जणांना विचार. जिथे उत्तरं विचित्र येतील तिथे पुन्हा जाऊन बस. विषय काय आहे तुझा?

नेटसेट_इच्छुक

मॅडम, एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांचं पुण्यातलं जगणं. मी पण त्यातलाच.

सांख्यिकीबुवा

मग बोल आधी एक: तुझी मुलाखत कोण घेणार?

कोयता_बीड

मी घेतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर तीन वर्षं काढलीत. पण भाऊ, रेकॉर्डर चालू करायच्या आधी ठरवून घेऊ, घरी किती अटेम्प्ट सांगितलेत ते लिहायचं की नाही.